शिनिगामी परलोकात नेमकं कोणतं काम करतो? कथा लिहिणाऱ्यासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मराठीत एक दीर्घकथा लिहायची आहे, नायक शिनिगामी, म्हणजे मरणाशी जोडलेला जपानी देव, आणि तो मेलेल्यांच्या जगात सरकारी कारकुनासारखा नोकरी करतो. त्याचा साहेब कोण, हत्यार कोणतं, दिवसभराचं काम काय, आणि माणूस मेल्यापासून निकाल लागेपर्यंत आत्मा कुठून कुठे जातो? मंगातलं, म्हणजे जपानी चित्रकथांतलं, ठाऊक आहे, मूळ परंपरेतलं हवं आहे.

आधी वाईट बातमी. मूळ जपानी परंपरेत शिनिगामीला परलोकात नोकरीच नाही. तिथला सगळा कारभार एन्मा राजाकडे, म्हणजे जपानी यमाकडे आहे. त्याच्या आस्थापनेवर न्यायाधीश, लेखनिक, पहारेकरी, नदीकाठची म्हातारी, इतकंच काय गाडीवालासुद्धा आहे. शिनिगामी नावाचं पद नाही. शिनिगामीचा वावर अलीकडच्या काठावर, जिवंत माणसाच्या उशापायथ्याशी. माणूस गेला की त्याचं काम संपलं. कथा यामुळे मोडत नाही, उलट चांगली पकड मिळते, पण आधी हे दोन विभाग वेगळे ठेवायला हवेत. ते एकत्र कालवले की जपान जाणणाऱ्या वाचकाला दुसऱ्या पानावरच खडा लागतो.

शब्दापासून सुरुवात करू. ‘शि’ म्हणजे मरण, ‘कामी’ म्हणजे देव. जोडताना ‘का’चा ‘गा’ होतो. पण ‘कामी’ म्हणजे देव्हाऱ्यातला देवच असं नाही. रोगाची साथ आणणारा तो याकुब्योगामी, दारिद्र्य आणणारा तो बिंबोगामी. बिंबोगामीला मराठीत चपखल शब्द आहे, अवदसा. शिनिगामी याच भावकीतला. म्हणून ‘मृत्युदेव’ हे भाषांतर फार भारदस्त होतं आणि ‘यमदूत’ हे सरळ चुकतं, कारण यमदूत कुणाच्या तरी हुकमावरून येतो. या मंडळींसाठी जपानीत जे क्रियापद वापरतात ते ‘तोरित्सुकु’, म्हणजे आपलं ‘लागणं’, ‘झपाटणं’. एन्मा बोलावतो, शिनिगामी लागतो. हे एवढं वाक्य टेबलावर चिकटवून ठेवलंत तरी निम्म्या चुका टळतील.

प्राचीन ग्रंथांत हा शब्द शोधू नका. ‘कोजिकी’ या ७१२ सालच्या पुराणकथांच्या ग्रंथात मरणाची मोठी कथा आहे: पाताळात गेलेली इझानामी देवी नवऱ्याला धमकावते की तुझ्या देशातली रोज हजार माणसं मारीन, आणि तो म्हणतो, मी रोज दीड हजार बाळंतघरं उभारीन. पण शिनिगामी त्यात नाही. शब्द रुळला एदो काळात (१६०३ ते १८६८). चिकामात्सू मोन्झाएमोन या नाटककाराच्या बाहुलीनाट्यांत तो भेटतो, १७०६ च्या एका नाटकात आणि पुढे १७२० च्या सुप्रसिद्ध आमिजिमा नाटकातही. ही प्रेमिकांनी एकत्र जीव देण्याची नाटकं. त्यांत शिनिगामी रंगमंचावर येत नाही. ज्याला तो लागला त्याच्या कानात उपदेश शिरत नाही, अशा अर्थानं तो येतो. म्हणजे पात्र नाही, मनाची अवस्था. १८४१ मध्ये ताकेहारा शुन्सेनच्या चित्रांसह निघालेल्या भुताखेतांच्या संग्रहात त्याला चित्र मिळालं आणि खुलासाही: एखाद्या ठिकाणी वाईट मनानं मेलेल्याचा अंश तिथेच घुटमळतो आणि तसंच मन असलेल्या जिवंताला ओढून घेतो, म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा मृत्यू घडतात. आपल्याकडे ‘ती जागा वाईट आहे’ म्हणतात, तेच हे. कुमामोतो भागात अशीही समजूत नोंदलेली आहे की मयताच्या घरी रात्र जागवून आलेल्या माणसानं झोपण्याआधी चहा किंवा वाटीभर भात घ्यावा, नाहीतर शिनिगामी मागोमाग घरी येतो.

यात कुठे कोयता नाही, काळा झगा नाही, कवटी नाही. ते सगळं युरोपातून आलं.

आता पलीकडचं खातं. एन्मा म्हणजे आपलाच यम, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. वाटेत त्याचा पोशाख बदलला. देवळांत दिसतो तो एन्मा चिनी न्यायाधीशाच्या वेशात असतो: पायघोळ झगा, लाल भडक चेहरा, वटारलेले डोळे, आणि टोपीवर ‘राजा’ हे अक्षर. रेडा नाही. मात्र तांत्रिक बौद्ध पंथांत हाच यम ‘एन्मातेन’ या नावानं वेगळा पुजला जातो, आणि तिथे तो रेड्यावर बसतो, दक्षिण दिशा राखतो आणि शांत दिसतो. तेव्हा कथेत रेडा आणायचा मोह झाला तर एन्मातेन आणा; दरबारातल्या एन्माला रेड्यावर बसवू नका.

शिवाय एन्मा एकटा नाही. एकूण दहा राजे आहेत. ही दशराजांची कल्पना चीनमधली. जपानात ती पसरली ती जिझो बोधिसत्त्व आणि दहा राजे यांच्यावरच्या एका सूत्रामुळे, जे जपानातच रचलेलं मानलं जातं. तुम्हाला हवा तो ‘आत्मा न्यायला येणारा’ याच सूत्रात सापडतो. एन्मा मरणाऱ्याकडे तीन राक्षस पाठवतो: एक आत्मा ओढतो, दुसरा प्राणशक्ती काढून घेतो, तिसरा देहाला चिकटलेला अंश बांधतो. नावं दात्सुकोन्की, दात्सुशोकी आणि बाकुहाकुकी. नायकाला सरकारी नोकरच करायचं असेल तर ही तयार जागा आहे. तिघांच्या पथकात चौथा, कंत्राटी. पापी माणसाचं प्रेत वाटेतच पळवणारी ‘काशा’ म्हणजे जळती गाडीही आहे. ती आधी नरकातून येणारी गाडी होती, एदो काळात तिचं मांजरासारखं श्वापद झालं. दोन्ही रूपं चालतात, एकाच प्रसंगात दोन्ही नकोत.

प्रवासाची तयारी घरचे लोक करतात, आणि इथे बारकावे फार महत्त्वाचे. मयताचं डोकं उत्तरेकडे ठेवतात, बुद्धाच्या महानिर्वाणाच्या शयनासारखं. त्यामुळे जिवंत माणसं उत्तरेकडे डोकं करून झोपत नाहीत. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. उशाशी भाताची शीग भरलेली वाटी, तिच्यात उभ्या खोचलेल्या जेवायच्या काड्या, आणि तांदळाच्या पिठाचे उंडे, बहुधा सहा. अंगावर यात्रेकरूचा पांढरा वेश: हातापायांना पट्ट्या, गवताच्या वहाणा, काठी, कपाळाला त्रिकोणी कापड, गळ्यात झोळी. झोळीत सहा नाणी. मोन हे जुनं नाणं; सहा मोन, म्हणून ‘रोकुमोन्सेन’. सानादा या सामुराई घराण्यानं हीच सहा नाणी आपलं चिन्ह म्हणून निशाणावर घेतली होती. मरणाचं भाडं खिशात घेऊनच लढाईत उतरलो आहोत, असा त्याचा अर्थ लावतात. आज विद्युतदाहिनीसारख्या भट्ट्यांत धातू चालत नाही, आणि नाणं मुद्दाम विद्रूप करणं किंवा वितळवणं १९४७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून कागदावर छापलेली सहा नाणी ठेवतात. कथा आजच्या काळातली असेल तर नदीवरचा नावाडी कागदी नाण्यांवरून कुरकुरतोय, एवढा विनोद बसल्या जागी मिळतो.

किमोनोबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे चित्रकार हमखास घसरतात. जिवंत माणूस उजवी बाजू आधी अंगालगत घेतो आणि डावी तिच्यावरून आणतो. समोरून बघणाऱ्याला गळ्याशी इंग्रजी लहान ‘वाय’ अक्षरासारखा आकार दिसतो. मयताचं उलट: उजवी बाजू वर. मुखपृष्ठाचं चित्र छापखान्यात आडवं उलटवलं की जिवंत नायिका मेलेली होते, आणि हे जपानी माणसाला लांबूनही कळतं. तुमच्या कथेत याचा उपयोगही करता येईल. गर्दीत कोण मेलेलं आणि कोण जिवंत, हे नुसत्या गळ्याकडे बघून ओळखणारा कारकून चांगला कारकून.

आता दिवस मोजा. मृत्यूचा दिवस पहिला धरतात, आपण दहावा-तेरावा मोजतो तसंच. कानसाई (ओसाका-क्योतो) भागात एक दिवस अलीकडून मोजण्याची चाल आहे, ती सोडून देऊ. समजा मृत्यू १ मार्चला झाला. पहिली सुनावणी ७ मार्चला शिन्को राजापुढे. १४ मार्चला शोको, २१ ला सोतेइ, २८ ला गोकान. ४ एप्रिल हा पस्तिसावा दिवस, त्या दिवशी एन्मा. ११ एप्रिलला हेन्जो, आणि १८ एप्रिलला, एकोणपन्नासाव्या दिवशी, ताइझान. इथे निकाल लागतो. त्यापुढचे तिघे म्हणजे अपिलाची कोर्टं: शंभराव्या दिवशी, ८ जूनला ब्योदो, वर्षश्राद्धाला तोशी, आणि ‘तिसऱ्या’ श्राद्धाला गोदोतेन्रिन. हे तिसरं श्राद्ध दोनच वर्षं पूर्ण झाल्यावर येतं, कारण मोजणी मृत्यूपासूनच सुरू होते. भाषांतरात ‘तीन वर्षांनी’ लिहिलेलं सर्रास दिसतं. ते चूक.

एन्मा पाचवा आहे, शेवटचा नाही, हे लक्षात असू द्या. लोकांच्या तोंडी तोच सर्वेसर्वा झाला म्हणून बाकीचे नऊ झाकले गेले.

या तारखांचा घरच्या लोकांशी थेट संबंध आहे. ज्या दिवशी सुनावणी, त्याच दिवशी घरी सूत्रपठण होतं. ते मृताच्या बाजूनं दाखल झालेलं पुण्य मानतात. वकीलपत्र म्हणा हवं तर. म्हणून आठवड्याच्या आठवड्याला विधी. हल्ली नोकरीधंद्यामुळे सातव्या दिवसाचा विधी अंत्यविधीच्याच दिवशी उरकतात आणि मधले वगळून थेट एकोणपन्नासाव्याला भेटतात. तुमच्या कारकुनाच्या टेबलावर याचा परिणाम दिसायला हवा: सातव्याचे कागद आगाऊ आलेले, चौदाव्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत फाइल कोरी, आणि शेवटच्या दिवशी ढीग.

पहिल्या आणि दुसऱ्या कोर्टाच्या मध्ये सान्झू नदी. ‘सान्झू’ म्हणजे तीन वाटा. पुण्यवानाला पूल, किरकोळ पाप्याला उथळ उतार, मोठ्या पाप्याला खोल पाणी आणि लाटा. नाव आणि नावाडी मागाहून आले. सहा नाण्यांचं भाडं हे त्या नावेचं. दोन्ही कल्पना एकत्र ठेवायच्या असतील तर पूल जुना, नाव नवीन सेवा, असं काही कारण द्या. आपली वैतरणी आठवेल, पण इथे गाईचं शेपूट धरून कुणी पार जात नाही.

नदी ओलांडली की दात्सुएबा. सगळ्या परलोकात मला हीच बाई सगळ्यात खरी वाटते. उघड्या छातीची, विस्कटलेल्या केसांची म्हातारी, एक गुडघा वर करून बसलेली. ती आल्यागेल्याचे कपडे उतरवते. तिचा जोडीदार केनेओ ते कपडे झाडाच्या फांदीवर टाकतो, आणि फांदी जितकी वाकेल तितकं पाप. ज्याच्या अंगावर कपडेच नाहीत त्याची कातडी काढतात. वजन पापाचं असतं, कपड्याचं नाही, पण एक व्यावहारिक शंका सगळ्यांना येते: नदीत भिजलेले कपडे जड होणारच की. खोल पाण्यातून आलेला आधीच मोठा पापी, त्याचेच कपडे जास्त भिजलेले, म्हणजे पद्धत आपला निकाल आपणच खरा ठरवते. कारकुनाला हे खटकायला हवं. तोक्योतल्या शिन्जुकूमध्ये ताइसोजी देवळात एन्मा आणि दात्सुएबा दोघांच्याही मूर्ती आहेत, एन्माची सुमारे साडेपाच मीटर उंच. जवळच्याच शोजुइन देवळातली दात्सुएबा खोकल्यावर गुण देणारी म्हणून १८४९ च्या सुमारास एवढी गाजली होती की दर्शनाला झुंबड उडत असे. ज्या म्हातारीला भ्यायचं तिलाच नवस बोलायचा, हे आपल्याला नवं नाही.

पुढच्या कोर्टांत एकेक साधन आहे. सोतेइ व्यभिचाराचा तपास करतो, त्याच्याकडे मांजर आणि साप. गोकानकडे कर्माचा तराजू. एन्माच्या दरबारात मात्र पूर्ण कचेरी थाटलेली आहे, तुमची कथा इथेच घडवा.

मध्यभागी एन्मा. बाजूला दोन लेखनिक: शिम्यो आरोप वाचतो, शिरोकू लिहून घेतो. त्यांच्याकडची माहिती येते कुठून? प्रत्येक माणसाच्या जन्माबरोबर दोन देव जन्मतात, ‘कुशोजिन’. ते खांद्यांवर बसून आयुष्यभर नोंदी ठेवतात, एक चांगल्याच्या, दुसरा वाईटाच्या, आणि मेल्यावर आपापलं बाड घेऊन हजर होतात. चित्रगुप्ताचं काम इथे असं विभागलेलं आहे. टेबलाशेजारी एक दंड, त्याच्यावर दोन मुंडकी, एक पापाबद्दल बोलतं आणि एक पुण्याबद्दल. या दंडाचं जपानी नाव ‘दांदा’पासूनच सुरू होतं, म्हणजे आपलाच ‘दंड’ शब्द. समोर ‘जोहारी’ आरसा. त्यात मृताचं सगळं आयुष्य चालत्या चित्रासारखं दिसतं. आरसा नेमका कशासाठी? नोंदी असताना? कारण लोक नाकारतात. आधी जबाब, मग आरसा, आणि खोटं बोललेलं उघड झालं की जीभ उपटणं. हा क्रम उलटा केलात तर दृश्यातली जान जाते: आरसा आधी दाखवला तर खोटं कोण बोलेल? आणि एन्माच्या वहीला ‘एन्माचो’ म्हणतात. शाळेतल्या मास्तरांच्या गुणांच्या वहीलाही जपानी मुलं हेच नाव देतात.

पहाऱ्यावर गोझू आणि मेझू, बैलाच्या डोक्याचा आणि घोड्याच्या डोक्याचा. हे शिपाई, अधिकारी नव्हेत.

परलोकात खरोखर नोकरी केलेला माणूस हवा असेल तर तोही आहे. नवव्या शतकातला कवी आणि दरबारी अधिकारी ओनो नो ताकामुरा दिवसा सम्राटाच्या दरबारात आणि रात्री एन्माच्या, अशी आख्यायिका आहे. क्योतोच्या रोकुदो चिन्नोजी देवळातल्या विहिरीतून तो खाली उतरायचा. परतीची विहीर दुसरीकडे होती असं मानत. २०११ साली देवळाला लागूनच्या जागेत एक जुनी विहीर सापडली आणि आता तिलाच परतीची विहीर म्हणतात. ऑगस्टच्या ७ ते १० तारखांना इथे पूर्वजांना बोलावणारी घंटा वाजवायला रांगा लागतात. ही घंटा ठोकायची नसते, दोरी बाहेर ओढायची असते. दोन पाळ्यांत काम करणारा अधिकारी, जायची वाट वेगळी, यायची वेगळी: तुमच्या नायकाचा वरिष्ठ म्हणून याच्याइतका चांगला माणूस शोधून मिळणार नाही.

ताइझान राजापुढचं लोकप्रिय वर्णन असं की मृतासमोर सहा तोरी कमानी असतात, पलीकडे सहा गती, म्हणजे पुनर्जन्माच्या सहा वाटा. कोणती कुठे नेते ते सांगत नाहीत, निवड त्याची त्यानं करायची, आणि जिथे जायला हवं तिथेच तो जातो.

शिक्षेच्या मुदतीचा हिशेब मात्र पक्का आहे. ९८५ साली गेन्शिन या भिक्षूनं आठ उष्ण नरकांचं वर्णन लिहिलं, ते आजही चित्रांचा आधार आहे. चौथा नरक ‘क्योकान’ म्हणजे आपला रौरव. पहिला आणि सगळ्यात सौम्य तो ‘तोकात्सू’, संजीव. माणसाची ५० वर्षं म्हणजे चार दिक्पालांच्या स्वर्गातला एक दिवस. त्या स्वर्गातली ५०० वर्षं म्हणजे तोकात्सूतला एक दिवस. आणि तिथली मुदत ५०० वर्षं. वर्ष ३६५ दिवसांचं धरून गुणाकार केला तर तोकात्सूतला एक दिवस ९१ लाख २५ हजार वर्षांचा होतो आणि पूर्ण मुदत सुमारे १ लाख ६६ हजार कोटी वर्षांची. म्हणून ‘तो दहा वर्षं नरकात काढून परत आला’ असलं वाक्य लिहू नका. लवकर सुटका हवी असेल तर जिझो बोधिसत्त्वाकडून करवा. जिझो आणि एन्मा ही एकाच तत्त्वाची दोन रूपं मानतात, म्हणजे शिक्षा देणारा आणि सोडवणारा एकच. चांगल्या उत्तरार्धाचं बी इथे आहे.

सुट्ट्यांचंही ठरलेलं आहे. १६ जानेवारी आणि १६ जुलैला नरकाच्या कढईचं झाकण उघडतं आणि तिथल्या राक्षसांनाही सुट्टी मिळते. दुकानांतल्या उमेदवार पोऱ्यांना घरी जायला मिळायचं तेही याच दिवसांत. ओबोनमध्ये, बऱ्याच ठिकाणी १३ ते १६ ऑगस्ट, पितर घरी येतात: येताना काकडीच्या घोड्यावरून, लवकर पोचावेत म्हणून, आणि जाताना वांग्याच्या गाईवरून, रेंगाळत. काड्यांचे पाय खोचलेली ही जनावरं घराघरांत मांडतात. सरकारी खात्यात ही गर्दीची वेळ, तेव्हा १३ तारखेला रजेचा अर्ज नामंजूर होणार.

आता शिनिगामीला यात बसवायचं कसं? सगळ्यात भक्कम आधार ‘शिनिगामी’ याच नावाच्या राकुगोत आहे. राकुगो म्हणजे गादीवर बसून एकट्यानं सांगायची कथा. हातात फक्त पंखा आणि रुमाल. सान्युतेई एन्चो (१८३९ ते १९००) यानं युरोपातली कथा जपानी करून ती बसवली. कर्जात बुडालेला एक माणूस जिवाला कंटाळलेला असताना त्याला शिनिगामी भेटतो. म्हणतो, तुझी वेळ आलेली नाही, त्यापेक्षा वैद्य हो. रोग्याच्या पायथ्याशी शिनिगामी बसलेला दिसला तर रोगी वाचेल: मंत्र म्हण, दोनदा टाळी वाजव, तो निघून जाईल. उशाशी बसला असेल तर हात लावू नकोस. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत हे नेमकं उलटं आहे, तिथे उशाशी उभा असला तर रोगी वाचतो. दोन्ही वाचलेले लेखक इथे गोंधळतात. जपानी आवृत्तीत उशी म्हणजे मरण, एवढं धरून ठेवा.

मंत्र ‘आजाराकामोकुरेन’ असा सुरू होतो, ‘तेकेरेत्सु नो पा’ असा संपतो, आणि मधे सांगणारा त्या त्या दिवसाची एखादी चालू घडामोड घुसडतो. शब्दांना अर्थ नाही, अर्थ लावत बसू नका. पुढे पैसा उधळून कफल्लक झालेला हा वैद्य एका श्रीमंताच्या घरी जातो, शिनिगामी उशाशी. तो चार धट्टेकट्टे गडी बिछान्याच्या चार कोपऱ्यांना बसवतो आणि पहाटे शिनिगामीला डुलकी लागताच खुणेसरशी बिछाना अर्धा फिरवायला लावतो. उशाचा झाला पायथा. लगेच मंत्र, टाळ्या. यंत्रणा बघा किती साधी आहे: शिनिगामी रोग्याला बांधलेला नाही, जागेला बांधलेला आहे. १८४१ च्या पुस्तकातला ‘जागा धरून बसणारा’ अंश इथे पुन्हा भेटतो.

मग तो शिनिगामी वैद्याला मेणबत्त्यांनी भरलेल्या गुहेत नेतो. प्रत्येक ज्योत एकाचं आयुष्य. विझत आलेली वैद्याची, कारण त्यानं आपलं उरलेलं आयुष्य नकळत त्या श्रीमंताशी बदललेलं. नव्या मेणबत्तीवर ज्योत उतरवता आली तर वाचशील. हात थरथरतो. ‘विझते, विझते’ म्हणत सांगणारा स्वतःच गादीवर कोसळतो आणि तिथेच कथा संपते. पुढचे कथाकार शेवट बदलतात: कुणी ज्योत नीट पेटवतो आणि मग शिंकतो.

तुम्हाला हवं ते कार्यालय म्हणजे ही गुहा. ती एन्माच्या हद्दीत नाही, अलीकडच्या जगातही नाही. इथे नायकाचं काम मेणबत्त्यांची निगा, शिल्लक लांबीची नोंद, आणि दोन ज्योतींची अदलाबदल झाली तर तिचा पंचनामा. एन्माच्या कचेरीशी संबंध एवढाच की ज्योत विझल्याची वर्दी तिकडे जाते आणि तिथे पहिला दिवस मोजायला सुरुवात होते. दोन खाती, मधे एक आवक-जावक रजिस्टर. वर्दी एक दिवस उशिरा पोचली तर सात सुनावण्यांच्या तारखा सरकतात आणि घरच्यांचं सूत्रपठण दर वेळी सुनावणीच्या एक दिवस आधीच पडतं. ही चूक कथेला पुरते.

मंगातलं काय घ्यावं? शिनिगामी म्हणजे तलवारधारी पथकातला शिपाई ही रचना २००१ साली सुरू झालेल्या ‘ब्लीच’ची, आणि वहीत नाव लिहून मारणारा शिनिगामी २००३ साली सुरू झालेल्या ‘डेथ नोट’चा. शिनिगामी हा शब्द कुणाच्या मालकीचा नाही, पण पथकांची रचना, तलवारींचे नियम, वहीचे नियम ही त्या लेखकांची घडण आहे. त्यांना हात लावू नका. सहा नाणी, आरसा, फांदी, मेणबत्ती हे सगळ्यांचं.

भाषेबद्दल. एन्माला पेशवाई दरबारी बोलायला लावलंत तर लोकनाट्य होईल. मराठीत त्यापेक्षा चांगली सोय आहे, तालुका कचेरीची: ‘मयत इसम’, ‘सबब’, ‘वारस दाखल’, ‘जबाब नोंदवला’, ‘मुदतबाह्य’. शिम्यो-शिरोकू याच भाषेत बोलू द्या. दात्सुएबा सगळ्यांना अरेतुरे करेल, सामुराई असो की भिक्षू. राकुगोतला शिनिगामी थकलेल्या, खवचट म्हाताऱ्यासारखा बोलतो. ‘हे मर्त्य मानवा’ वगैरे त्याच्या तोंडी शोभत नाही. आणि ‘पैसा असेल तर नरकातला निकालही फिरतो’ ही जपानी म्हण आहे, ती नावाड्याला द्या.

शेवटी घर निवडताना पंथ बघा. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, पद्धतीच्या अंत्यविधीत एन्मा येत नाही. आणि जपानमधल्या मोठ्या पंथांपैकी एक असलेल्या जोदो शिन्शूची श्रद्धा अशी की श्रद्धावान मरताक्षणीच अमिदा बुद्धाच्या शुद्ध भूमीत जन्मतो. त्याला प्रवासच नाही, म्हणून पांढरा यात्रेकरू वेश नाही, काठी नाही, सहा नाणी नाहीत. एकोणपन्नासाव्याचा विधी ते करतात, पण तो जिवंतांनी धर्म ऐकावा म्हणून. अशा घरात ज्योत विझली तर तुमच्या कारकुनाकडून वर्दी जाईल, वहीत नाव चढेल, आणि सातव्या दिवशी शिन्को राजापुढे पुकारा होईल तेव्हा कुणीच हजर नसेल.